डोळ्याखाली रेष पडू नये म्हणून

पोरी, तू नवरीच्या ऑर्डरी घ्यायला लागलीस हे कळल्यावर तुझ्या आईपेक्षा मलाच जास्त आनंद झाला. परवा फोनवर घाईघाईत तू एवढंच विचारलंस, की मावशी, सकाळी छान बसलेला कन्सीलर अक्षता पडेपर्यंत डोळ्याखाली फाटतो, बारीक बारीक रेषा दिसायला लागतात, तर महागातला घेऊ का? घेऊ नकोस. निदान त्या कारणासाठी तरी नको. या रेषांमध्ये बाटलीचा दोष थोडा असतो, लावणाऱ्याच्या हाताचा आणि घाईचा जास्त. तेव्हा जे मला माझ्या मास्तरांनी दिलं आणि त्यात पुढे माझ्या हाताला जे सापडलं, ते सगळं एकदा लिहून ठेवते. फोनवर सांगितलेलं तू विसरतेस.

आधी जागा समजून घे. डोळ्याखालची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. गालाची तिच्याहून कितीतरी जाड. तिथे तेलग्रंथी अगदी थोड्या, म्हणून ती आधी कोरडी पडते. आणि त्या पातळ कातडीच्या लगेच खाली डोळा मिटणारा गोल स्नायू आहे, तो दिवसभर काम करत असतो. जागं माणूस मिनिटाला 15 ते 20 वेळा पापणी लववतं. सकाळी सातला तयार केलेली नवरी संध्याकाळी पाचपर्यंत तशीच बसणार असेल, तर तेवढ्यात तिची पापणी नऊ ते बारा हजार वेळा मिटून उघडलेली असते. त्यात हसणं, रडणं, होमाचा धूर लागला की डोळे बारीक करणं वेगळंच. म्हणजे घडी पडणारच. प्रश्न एवढाच, की त्या घडीत जाऊन बसायला जादा माल तू ठेवलास का?

आता माल कसा वाळतो ते बघ. कन्सीलरमध्ये रंगाची भुकटी असते, तेल किंवा सिलिकॉन असतं, थोडं मेण असतं, आणि बहुतेक पातळ कन्सीलरमध्ये उडून जाणारं एखादं द्रव्य असतं. बाटलीमागच्या यादीत 'आयसोडोडेकेन' किंवा 'सायक्लोपेंटासिलोक्झेन' असं काही वाचशील, ते हेच. लावल्यावर थोड्याच वेळात ते उडतं आणि मागे रंगाचा पातळ पापुद्रा राहतो. सगळी गोम त्या थोड्या वेळात आहे. तेवढ्यात नवरीनं मान खाली घालून मोबाइल बघितला, कुणाशी बोलता बोलता हसली, की ओला रंग घडीत ढकलला जातो आणि तिथेच वाळतो. वरून तू घाईनं पावडर दाबलीस की ती रेष पक्की झाली. मग दिवसभर काय वाटेल ते कर, ती निघत नाही.

मास्तरांचा कानमंत्र नेमका इथला होता. नाटकाच्या रंगपटात मी त्यांच्या हाताखाली स्पंज धुवायला उभी राहायचे, तेव्हाची गोष्ट. राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस, एका पाठोपाठ एक नटमंडळी खुर्चीत येऊन बसायची. मास्तर डोळ्याखाली स्टिक लावायचे, बोटानं थोपटायचे आणि पावडरीचा पफ हातात घेऊन थांबायचे. मग समोरच्याला म्हणायचे, "हस." तो हसायचा. "आता डोळे गच्च मिट. उघड. वर पंख्याकडे बघ." आणि तो वर बघत असतानाच डोळ्याखाली उमटलेली रेष करंगळीशेजारच्या बोटानं अलगद पुसून सारखी करायचे. मान तशीच वर ठेवायला लावून मगच पफ टेकवायचे. म्हणजे जी रेष पडायची ती आधीच पाडून घ्यायची, तिच्यात गेलेला जादा रंग काढून टाकायचा आणि मग पावडरीनं कुलूप लावायचं. तुला मी यातलं दुसरं काही सांगितलं नाही आणि एवढंच दिलं, तरी तुझं निम्मं काम होईल.

त्या काळी कन्सीलर म्हणून वेगळी वस्तू आमच्या पेटीत नसायची. मॅक्स फॅक्टरनं 1930च्या दशकाच्या अखेरीला रंगीत सिनेमासाठी पॅनकेक काढला, मागून पॅनस्टिक आली, आणि 1954 मध्ये डाग झाकायची 'इरेस' नावाची कांडी. आपल्याकडे 1952 मध्ये लॅक्मे सुरू झाली. पण मराठी नाटकाच्या पेटीत बरीच वर्षं पॅनकेक आणि ग्रीजपेंटवरच भागत होतं. हा इतिहास सांगते तो उगाच नाही. जाड थर, वर पावडरीचा ढीग, पाच-दहा मिनिटं तसाच ठेवून मग झटकायचा, ज्याला तुम्ही मुली आता 'बेकिंग' म्हणता, ती रीत रंगमंचाच्या दिव्यांखालची आहे. प्रेक्षक तिथे पहिल्या रांगेतला धरला तरी काही फुटांवर असतो. तुझ्या नवरीकडे तिची मावसबहीण हातभर अंतरावरून मोबाइल धरून बघणार आहे आणि फोटो मोठा करून बघणार आहे. थिएटरचा थर त्या अंतराला चालत नाही.

आता क्रमानं सांगते.

सगळ्यात मोठा चोर म्हणजे डोळ्याखालचं क्रीम. मुली कोरडेपणाला घाबरून भरपूर चोपडतात आणि ते ओलं असतानाच वर कन्सीलर. ओल्या भिंतीवर रंग दिला की पोपडे धरतात ना, तेच होतं. क्रीम मुगाच्या दाण्याएवढं घे, तेही दोन्ही डोळ्यांना मिळून. लावून झालं की तिला केसांच्या खुर्चीत पाठव. अंबाडा, खोपा, गजरा होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात, तेवढ्यात जे मुरायचं ते मुरतं. परत आली की टिश्यूचा एक पदर डोळ्याखाली नुसता टेकव. डाग उमटला तर अजून जादा आहे, टिपून घे. केस आधी आणि बेस नंतर, हा क्रम मी कधीच बदलला नाही, त्याचं अर्धं कारण हे आहे. उरलेलं अर्धं हेअर स्प्रे.

सनस्क्रीनची तीच गत. सकाळी घरून येताना नवरीनं डोळ्याखालपर्यंत सनस्क्रीन थापलेलं असतं आणि ते सांगायचं तिच्या ध्यानात नसतं. विचारून घे. प्रायमर वापरणार असशील तर डोळ्याखाली अगदी नावाला, आणि तो कन्सीलरच्या जातीचा आहे का ते बघ. सिलिकॉनच्या प्रायमरवर पाण्याचा बेस बसवायला गेलीस की मळासारख्या गोळ्या सुटतात. तुझ्या मनगटावर आदल्या दिवशी दोन्ही एकावर एक लावून चोळून बघ, पाच मिनिटांत कळतं.

डोळ्यांवरचं काम आधी कर. आयशॅडोची भुकटी खाली गळते, ती ओल्या कन्सीलरवर बसली की पुसावी लागते, आणि पुसून परत लावलं की थर वाढतो. डोळे पूर्ण झाले की खालचा भाग स्वच्छ पुसायचा आणि मग बेस. फाउंडेशन डोळ्याखाली मुद्दाम न्यायचं नाही. गालावर लावताना स्पंजला जे उरलं असेल, तेवढंच तिथून फिरवायचं.

आता काळ्या वर्तुळांचं. सगळी काळी वर्तुळं एक नसतात, आणि हे न बघता माल थोपलास तर रेषाच मिळणार. बोटानं कातडी अगदी हलकी बाजूला ओढून बघ. रंग तसाच तपकिरी राहिला तर तो कातडीतला रंग आहे, आपल्याकडे घराण्यात चालत आलेला असतो, किंवा ॲलर्जीमुळे डोळे चोळून चोळून आलेला असतो. निळसर-जांभळट दिसत असेल तर पातळ कातडीतून खालच्या शिरा दिसताहेत. आणि हनुवटी उजेडाकडे वर केल्यावर काळेपणा जवळजवळ गेलाच, तर तो रंगच नव्हे, ती खोलगट जागेची सावली आहे. सावलीवर कितीही कन्सीलर भरलास तरी खळगा भरत नाही, उलट भरलेला माल दुपारपर्यंत घडीत जमतो. तिथे अगदी पातळ हात, आणि नवरीला खरं सांगायचं.

तपकिरी आणि जांभळट रंगाला आधी नारिंगी किंवा पीच करेक्टर. आपल्या वर्णाला नारिंगीकडे झुकणारा लागतो, फार गोरी असेल तर पीच. नारिंगीनं निळेपणा मरतो, मग वर कन्सीलर थोडाच लागतो. करेक्टर न वापरता नुसत्या कन्सीलरनं काळं झाकायला गेलीस तर तिप्पट थर द्यावा लागतो, आणि वर राखाडी छटा येते ती वेगळीच. करेक्टर सुद्धा फक्त काळं आहे तिथेच. तो बोटानं थोपटलास आणि खालचं काळं किंचित दिसत राहिलं, तर उत्तम. सगळं झाकायचा हट्ट धरू नकोस.

कन्सीलर कुठे लावायचा, यावर माझं आणि व्हिडिओ बघून आलेल्या मुलींचं नेहमी वाजतं. डोळ्याखाली मोठा उलटा त्रिकोण काढून तो गालापर्यंत भरतात. कशाला? काळं असतं ते डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या कडेला, आणि तिथून खाली तिरक्या उतरणाऱ्या खोलगट रेषेवर. तेवढ्यावर तीन बारीक ठिपके दे. बाहेरच्या कोपऱ्याला एक छोटा ठिपका, तो वर कानशिलाकडे ओढून घ्यायचा, त्यानं डोळा उचललेला दिसतो. मधली जागा, जिथे हसताना सगळ्यात जास्त घड्या पडतात, तिथे मुद्दाम काही लावायचंच नाही. दोन्ही बाजूंनी थोपटताना जे पसरेल तेवढं तिला पुरतं. आणि पापणीच्या केसांना भिडवायचं नाही, खाली दोन-तीन मिलिमीटर मोकळी पट्टी ठेव. ती पट्टी भरलीस की काजळ तिच्यात उतरतं आणि दुपारी रेषा नुसत्या पडत नाहीत, काळ्या पडतात.

लावल्यावर लगेच हात चालवू नकोस. अर्धा मिनिट तसंच राहू दे, थोडं दाट होऊ दे, मग थोपट. ओलं असताना पसरवलास तर तो सगळा पसरून जातो आणि झाकत काहीच नाही, मग तू अजून घेतेस. थोपटायला करंगळीशेजारचं बोट, कारण त्या बोटात जोर कमी. स्टिकचा घट्ट माल असेल तर बोटाच्या उबेनं मेण मऊ होतं आणि तो कातडीत मिसळतो. पातळ माल असेल तर ओला स्पंज बरा, तो जादा रंग पिऊन घेतो. पण स्पंज ओला म्हणजे टिश्यूत गुंडाळून पुरता पिळलेला. पाणी टपकतं असा स्पंज कन्सीलर उचलून काढतो. आणि चोळायचं नाही. ब्रशनं घासायचं तर मुळीच नाही. एका जाड थरापेक्षा मधे मिनिटभर थांबून दोन पातळ थर कधीही चांगले, आणि दुसरा थर लागलाच पाहिजे असंही नाही.

रंगाचं बोलते. डोळ्याखालचा कन्सीलर चेहऱ्याच्या रंगापेक्षा फार तर एक छटा उजळ. पण नवरीची आई मागे उभी असते, "अजून थोडं गोरं करा हो," म्हणत. दोन-तीन छटा उजळ लावलास की रेषेत दिसणारा खालचा खरा रंग आणि वरचा पांढरा यांत जो फरक पडतो, त्यानंच घडी डोळ्यात भरते. त्वचेच्या रंगाचा कन्सीलर घडीत गेला तरी कुणाला कळत नाही. गोऱ्याच्या हौसेनं जेवढ्या नवऱ्या मुलींचे फोटो बिघडलेत, तेवढे उन्हानं बिघडले नसतील. आईला गोड बोलून बाहेर चहाला पाठव.

मग पावडर. मास्तरांचं हसणं, मिटणं, वर बघणं करून घेतलंस की लगेच, नवरीनं मान खाली आणायच्या आत. वेलवेटचा छोटा पफ घे, त्याला बारीक वस्त्रगाळ पावडर लाव, पफ मिटून आतल्या आत चोळ म्हणजे पावडर कापडात जाते, मग तो स्वतःच्या हाताच्या पाठीवर झटक. आता तुला वाटेल पफावर काहीच उरलं नाही. तेवढीच हवी. आतल्या कोपऱ्यापासून बाहेर दाबत दाबत जा. चेहऱ्याची कॉम्पॅक्ट डोळ्याखाली वापरू नकोस, तिच्यात रंग असतो आणि तो थर वाढवतो. पारदर्शक लूज पावडर घे. त्यातही सिलिका जास्त असलेल्या काही पावडरी साध्या डोळ्याला दिसत नाहीत आणि फ्लॅश पडला की डोळ्याखाली पांढरे चटके उमटवतात. नवीन डबी आणलीस की नवरीवर वापरण्याआधी स्वतःच्या चेहऱ्यावर लावून, खोली अंधारी करून, फ्लॅशचा एक फोटो काढ.

गावाप्रमाणे हात बदलायला हवा. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा इथे हवा दमट, घाम सुटतो आणि क्रीमपेक्षा पावडरीचा आधार जास्त लागतो. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात कोरडी झळ असते, पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, तिथे तीच पावडर दोन तासांत कातडी ताणून तडकवते. तिकडच्या ऑर्डरीला पावडर फक्त आतल्या कोपऱ्यात आणि वर सेटिंग स्प्रेचा हलका फवारा, डोळे मिटून, हातभर अंतरावरून. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे थंडीतल्या सकाळच्या मुहूर्ताला सुद्धा असंच करावं लागतं. एकच व्हिडिओ बघून सगळ्या महाराष्ट्राला एकच बेस लावायला जाऊ नकोस.

आपल्या लग्नात नवरीची मान किती वेळ खाली असते, मोजलंयस कधी? गौरीहराला बसते तेव्हा खाली, अंतरपाटामागे खाली, कन्यादानाला हातावर पाणी सोडताना खाली, लाजाहोमाला तर खाली आणि वर धूर. व्हिडिओतल्या बाईची मान कॅमेऱ्याकडे सरळ असते. म्हणून मास्तरांच्या यादीत मी माझी एक भर घातली. पावडरीच्या आधी नवरीला एकदा मान खाली घालून स्वतःच्या पायाकडे बघायला लावते आणि मीच गुडघ्यावर बसून खालून डोळ्याखाली बघते. आरशात न दिसणारी घडी तिथे दिसते. ती पुसून घेतली की गौरीहराचे फोटो नीट येतात.

हळदीचा विसर पडू देऊ नकोस. आदल्या दिवशी तेलात कालवलेली हळद चेहऱ्याला लागलेली असते, वहिन्या-नणंदा डोळ्याखालपर्यंत माखतात. पिवळेपणा राहतो तो राहतो, पण तेल राहतं ते जास्त वाईट. त्याच रात्री दुधाची साय किंवा क्लिन्सरनं हळूच पुसून, मग साध्या फेसवॉशनं धुवायला सांग. सकाळी तुझ्या खुर्चीत बसल्यावर हे उद्योग नकोत, तेल काढता काढता कातडी लाल होते. त्याच रात्री नवं क्रीम, नवा मास्क, मैत्रिणीनं परदेशातून आणलेला डोळ्याखालचा पॅच, काही लावू नको म्हणून बजाव. सूज असेल तर सकाळी रुमालात गुंडाळलेला बर्फ किंवा फ्रीजमधला चमचा थोडा वेळ टेकवला तरी पुरे. रात्री एक उशी जादा घेऊन झोपलं तरी सूज कमी येते, पण लग्नाच्या आदल्या रात्री झोपतं कोण!

आता नवरीच्या आईचं आणि वरमाईचं. दोघींना तयार करायची वेळ नेहमी शेवटी येते, तेव्हा तुझे हात थकलेले असतात आणि नवरीवरचाच सगळा प्रकार तू त्यांच्यावर करून मोकळी होतेस. असं करू नकोस. पन्नाशीनंतर डोळ्याखालच्या रेषा कायमच्या असतात, त्यात पावडर भरली की बाई दहा वर्षांनी मोठी दिसते. अशा चेहऱ्याला घट्ट स्टिक नको, पातळ कन्सीलर, तोही फक्त आतल्या कोपऱ्यात आणि नाकाच्या कडेला. पावडर जवळजवळ नाहीच. चष्मा असेल तर नाकावर चष्म्याचे पॅड बसतात तिथे मात्र थोडी पावडर, नाहीतर कन्सीलर तिथून निघून चष्म्याला लागतो. काजळ खाली भरायचा आग्रह असेल तर पापणीच्या मुळाशी बारीक आणि वर त्याच रंगाच्या आयशॅडोचा एक हात, म्हणजे ते उतरत नाही. आणि वरमाईला कमी लावलंस म्हणून ती रागावेल असं वाटतं, पण फोटोत स्वतःला बघितल्यावर पुढच्या मुलाची ऑर्डर तीच आणून देते.

दुपारच्या दुरुस्तीचं नीट ऐक, कारण निम्मी वाट तिथे लागते. एका लग्नात नवरीची आत्येबहीण पर्समध्ये कॉम्पॅक्ट घेऊन बसली होती, दर थोड्या वेळानं नवरीच्या डोळ्याखाली दाबत होती. प्रेमानंच. जेवणाच्या पंगतीपर्यंत डोळ्याखाली नुसती पापडी धरली होती. रेष दिसली की वर पावडर टाकायची नाही, वर कन्सीलर तर त्याहून नाही. आधी टिश्यूचा एक पदर टेकवून तेल-घाम टिपायचा. मग कोरड्या स्वच्छ बोटानं, नवरीला वर बघायला सांगून, रेषेवर हलकं थोपटायचं, घडीतला रंग तिथूनच परत पसरतो. अगदीच तडकला असेल तर कापसाच्या काडीला मॉइश्चरायझरचा नुसता स्पर्श करून रेषेतला माल उचलून काढायचा. हे सगळं झाल्यावर जरूर वाटली तरच पफाचा एक स्पर्श. तुझ्याकडच्या टच-अपच्या डबीत टिश्यू, काड्या आणि एक पफ एवढंच ठेव. कन्सीलरची बाटली मुद्दाम घरी ठेव, म्हणजे हात जाणारच नाही.

पाठवणीला रडू येणार, ते थांबवायचं नाही. करवलीच्या हातात टिश्यूची चौकोनी घडी देऊन ठेव आणि तिला शिकव, की घडीचं टोक खालच्या पापणीच्या कडेशी धरायचं, पाणी तिथल्या तिथे टिपायचं. गालावर ओघळू दिलं आणि मग पुसलं की कन्सीलर पुसण्यासोबत जातो. रुमालानं डोळे चोळणाऱ्या आत्याबाईंना लांब ठेवणं तुझ्या हातात नाही, पण करवलीच्या आहे.

एक-दोन किरकोळ गोष्टी राहिल्या. बाटलीतली काडी थेट एकीच्या डोळ्याखाली लावून परत बाटलीत बुडवू नकोस. स्टीलच्या पट्टीवर घे, तिथून लाव. पावसाळ्यात डोळ्यांची साथ असते, एका नवरीचे डोळे आलेले असतात आणि पाच जणींना तू वाटतेस. बाटलीवर उघड्या डबीचं चित्र असतं, त्यात 6 किंवा 12 आकडा आणि पुढे इंग्रजी एम अक्षर असतं. उघडल्यापासून तेवढे महिने. त्यानंतर माल दाट होतो, आणि दाट झालेला माल पहिल्या तासात तडकतो. उन्हाळ्यात पेटी गाडीत विसरलीस तर तीच गत.

आणि ट्रायलशिवाय मुहूर्ताची ऑर्डर घेऊ नकोस, कितीही ओळखीचं घर असो. ट्रायलच्या दिवशी मेकअप झाल्या झाल्या फोटो काढून खूश होऊ नकोस. नवरीला तशीच घरी पाठव, जेवू दे, गप्पा मारू दे, आणि चार-पाच तासांनी खिडकीच्या उजेडात, पावडर-बिवडर न लावता, जवळून काढलेला फोटो तुला पाठवायला सांग. हसताना एक, आणि हसून थांबल्यावर एक. हसताना पडणारी रेष हसू गेलं की जात असेल तर काही बदलू नकोस, ती माणसाच्या चेहऱ्याची आहे. हसू थांबल्यावरही तिथेच बसली असेल, तर दुसऱ्या ट्रायलला क्रीम निम्मं कर, कन्सीलर निम्मा कर, आणि तो फोटो मलाही पाठव.